रायपूरच्या दगडावरचे दोन रामटेके

बाबांच्या पायदळ पलटणीच्या माजी सैनिक संघाचं बातमीपत्र तुमसरला आमच्या घरी टपालानं येतं. पानं चार. कुणाला नातू झाला, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं, कोण आपल्यातून गेलं, आणि शेवटच्या पानावर पलटणीच्या इतिहासातलं एखादं टिपण. बाबा होते तोवर ते शेवटच्या पानापासून वाचायला लागत. ते गेल्यापासून मी आईला वाचून दाखवते. आई शाळेत गेली नाही. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. बाबांनी बर्फात, वाळवंटात, कुठंकुठं काढलेल्या वर्षांवर माझं शिक्षण झालं, आणि आज मी तुमसरच्याच शाळेत मराठी शिकवते. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. रायपूरला मी का गेले, ते यावरून कळेल.

यंदा हिवाळ्यात आलेल्या अंकात बातमी होती की संघाच्या अंगणात एक दगड उभारला जाणार आहे. उत्तरेकडच्या एका बर्फातल्या ठाण्यावर पलटणीच्या एका तुकडीनं पाच महिने, खालची वाट बंद असताना, पहारा ठेवला होता. त्यांची नावं त्या दगडावर कोरायची होती. नावं छापलेली होती. ‘सुखदेव रामटेके’ हे नावही होतं. आईनं टाळी वाजवली. मग मी तळाची बारीक ओळ वाचली: ‘यादीत एक नाव दोनदा आलं होतं, ते दुरुस्त केलं आहे. आता एकूण तेरा नावं.’

आईची टाळी थांबली. कारण त्या तुकडीत सुखदेव रामटेके दोन होते.

पलटणीची एक रीत आहे. एकाच नावाचे दोघं असले की दोघांना सैनिकी नंबरातल्या शेवटच्या दोन अंकांनी हाक मारतात. बाबा ‘अडतीस’ होते आणि दुसरे ‘एकाहत्तर’. बाबा म्हणायचे, पाच महिने मला कुणी सुखदेव म्हटलं नाही. यादी करणाऱ्यानं अंक गाळले असणार, आणि मग एकाच नावाच्या दोन ओळी दिसल्यावर दुसऱ्यानं एक ओळ खोडली असणार.

“मंग हे नाव कोणाचं हाय?” आई म्हणाली. “तुह्या बाबाचं, का त्या दुसऱ्याचं?”

मी संघाच्या सचिवांना फोन केला. ते म्हणाले, “बेटा, फोनवर मी यादी बदलत नाही. शनिवारी दगड कोरायला सुरुवात होणार, रविवारी अनावरण. काही सांगायचं असेल तर समोर येऊन सांग.”

मी तीन दिवसांची रजा टाकली.

गुरुवार: चौबे कॉलोनी

गोंदियाच्या पुढं गाडी गेली की भाताची रानं आमच्यासारखीच दिसतात, फक्त डब्यातल्या बोलण्यात हिंदी वाढत जाते. डोंगरगडचे डोंगर मागे पडले, भिलाईच्या कारखान्याच्या चिमण्या दिसल्या, आणि थोड्या वेळात रायपूर. स्टेशनजवळच्या लॉजवर पिशवी ठेवून मी ई-रिक्षात बसले. बातमीपत्रावर दोन पत्ते होते, एक संघाचा आणि एक छापखान्याचा. मी रिक्षावाल्याला चुकून छापखान्याचा सांगितला. समता कॉलोनीत उतरले तर छापखाना कधीच बंद झालेला, अंकावर पत्ता मात्र जुनाच राहिलेला, आणि त्या जागी दातांचा दवाखाना. “सचिव साहेब आहेत का?” असं विचारल्यावर तिथल्या मुलीनं माझ्या हातात नंबराचं कार्ड दिलं आणि म्हणाली, “बैठिए दीदी, दर्द किस तरफ है?” मी दोन मिनिटं खरंच बसले. मग अंक पुन्हा उघडून पाहिला आणि उठले. चौबे कॉलोनी तिथून पायी जाण्यासारखी निघाली.

संघाची खोली एका घराच्या तळमजल्यावर आहे. भिंतभर फोटो, एका कपाटात जुने अंक, बाहेर फरशीचं अंगण आणि अंगणात दगडासाठी बांधलेला चौथरा. सचिव म्हणजे निवृत्त सुभेदार डोंगरे. मूळचे आमच्याच भंडाऱ्याकडचे, पण नोकरीनंतर मुलाकडे रायपूरला राहिले. सत्तरीचे आहेत, घरातही इस्त्रीचा शर्ट. त्यांनी माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्याजवळ बाबांचं सैन्यातून सुटल्याचं पुस्तक होतं, त्यात नंबर होता. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला.

“अडतीस. बरोबर,” ते म्हणाले. “पण ह्या पुस्तकात तो पलटणीत होता एवढंच लिहिलंय. त्या हिवाळ्यात वर होता की खाली तळावर, हे कुठं आहे?”

“जुनी यादी असेल ना? हातानं लिहिलेली?”

“होती. पहिल्या सचिवांच्या वहीत. ते वारले, घरच्यांनी वही रद्दीत दिली.” त्यांनी चष्मा काढून ठेवला. “उतरवून मीच घेतली होती. वहीत नावापुढं अंक होते. मला वाटलं, बाहेरच्या लोकांना हे आकडे काय कळणार? गाळले. मग टाइप झाल्यावर बघतो तर तेच नाव दोनदा. वाटलं, माझ्याच हातून चुकून झालं.”

“मग साहेब, तुम्हालाच माहीत आहे की दोन होते!”

“माहीत नाही. वाटतं.” त्यांचा आवाज कडक झाला. “मी त्या तुकडीत नव्हतो. बर्फ उतरून वाट उघडल्यावर पहिल्याच बदलीच्या तुकडीत वर गेलो. अंक बघितल्याचं आठवतं, कोणते ते आठवत नाही. आणि मागच्या वर्षी मी अशी यादी करतोय हे कळल्यावर मला सतरा फोन आले. कुणाचा मामा, कुणाचा सासरा. सगळे त्याच ठाण्यावर! तेवढी माणसं वर असती तर बर्फ वितळला असता. म्हणून नियम केला, अंकातही छापला. त्या हिवाळ्यात त्या ठाण्यावर हजर असलेल्या माणसानं समोर येऊन सांगितलं पाहिजे.”

“त्यातलं कोण आहे आता?”

“दोघं. एकाला लकवा झालाय, बोलता येत नाही. दुसरा मुलाकडे परदेशात, फोन उचलत नाही.” मग त्यांनी मला न आवडणारी, पण खरी गोष्ट सांगितली. “आणि बेटा, समजा एकच रामटेके वर होता. तर तो तुझा बाप कशावरून? एकाहत्तरची बायको इथंच समता कॉलोनीत राहते. तिला मी निमंत्रण दिलंय. ती दर वर्षी येते. तिला मी काय सांगू?”

 रात्रीच्या गाडीनं परत जाता आलं असतं. पण घरी जाऊन आईला ‘वाटतं’ एवढंच सांगायचं, हे मला जमणारं नव्हतं. मी एकाहत्तरचा पत्ता लिहून घेतला.

शुक्रवार: समता कॉलोनी, मग तात्यापारा

सकाळी लॉजसमोरच्या टपरीवर फरा खाल्ला. तांदळाच्या पिठाच्या, वाफवलेल्या, बोटाएवढ्या वळकट्या, वरून मोहरी-तिळाची फोडणी आणि टमाट्याची चटणी. आमचा भंडारा जिल्हाही तांदळाचाच, पण आम्ही भात केला की संपलं. इथली माणसं सकाळच्या नाश्त्यालाही तांदूळ सोडत नाहीत. टपरीवाल्या बाईला मी ‘हो’ म्हटलं की ती ‘हव’ म्हणे, आणि दोन प्लेटांनंतर मीही हव म्हणू लागले.

एकाहत्तरच्या घरच्या, म्हणजे दुसऱ्या सुखदेव रामटेकेंच्या पत्नी, अंजनाबाई. मुलगा रेल्वेत आहे. दार सुनेनं उघडलं. मी मराठीत विचारलं, तिनं हिंदीत उत्तर दिलं, आणि आतून मराठीत आवाज आला, “कोण हाय वं?”

मी नाव सांगितलं. आडनाव ऐकल्यावर त्या बाहेर आल्या. लहानशा, वाळलेल्या, डोक्यावर पदर. सुभेदारांनी आदल्या संध्याकाळी फोन करून ठेवला होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

“माह्या मानसाचं नाव काढाले आली का तू?”

“नाही मावशी. दोघांची नावं लागावीत म्हणून आले.”

“एकच लागते म्हंते ना तो डोंगरे. मंग दुसरं लागलं त पहिलं निघंल.” त्या खुर्चीवर बसल्या. मला बस म्हटलं नाही. “दहा वर्स झाले त्याले जाऊन. दर सालाले मी त्या अंगनात जातो. लोकं म्हंतेत, ह्या बर्फातल्या रामटेकेच्या घरच्या. माह्यापाशी दुसरं काय हाय?”

मी उभ्यानंच पिशवीतून बाबांचा स्टीलचा मग काढला. त्याच्या बुडावर ३८ कोरलेलं होतं. पलटणीत ज्याच्या त्याच्या भांड्यावर त्याचा अंक असतो. मी तो त्यांच्या हातात दिला. 

त्यांनी मग उलटा करून पाहिला. अक्षरं त्यांना येत नाहीत, अंक येतात. मग आत गेल्या आणि एक थाळी घेऊन आल्या. काठावर ७१.

“बस,” त्या म्हणाल्या. आणि सुनेला, “चाय ठेव वं.” चहा येईपर्यंत थाळी मांडीवर घेऊन बसल्या, आणि एकदम म्हणाल्या, “तू मोठी पोट्टी का धाकटी?”

“एकटीच आहे मी.”

“म्हंजे तूच ते!” त्या हसायला लागल्या. “अवं, तुह्या मायची चिठ्ठी माह्या मानसानं फोडलती!”

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. ठाण्याची वाट बंद असताना कधीमधी हेलिकॉप्टर येई आणि रॉकेल नि टपाल टाकून जाई. एकदा पडलेल्या टपालात सुखदेव रामटेके या नावाचं पत्र होतं. बर्फात भिजून नंबर पुसलेला. ते एकाहत्तरच्या हातात पडलं. आत आईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, मुलगी झाली, दोघी खुशाल आहोत. एकाहत्तर नाचायला लागले. सगळ्यांनी पाठ थोपटली. लांगऱ्यानं, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाक्यानं, जपून ठेवलेला दुधाचा डबा फोडून हलवा केला. हलवा खाऊन झाल्यावर एकाहत्तर बोटं मोजायला बसले, कारण घरून निघून त्यांना वर्ष उलटून गेलं होतं.

“अकरा महिने, बारा महिने, तेरा महिने!” अंजनाबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. “मंग तुह्या बापाले म्हने, अडतीस, हे घे रे बापा, तुहीच पोट्टी हाय. घरी आला त मले हेच सांगे. अर्ध्या दिसाचा बाप झालतो म्हने मी.”

मीही हसले, आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं. ते पत्र माझ्या जन्माचं. हेलिकॉप्टरनं ठाण्यावर टाकलेलं. हलवा खाताना दोघं समोरासमोर.

“मावशी, म्हणजे दोघंही वर होते!”

“होतेच ना. मी काहून नाही म्हनीन? मले कोनी विचारलंच नाही.” मग त्यांचा चेहरा पडला. “पन आपल्या दोघींचं कोन आयकते? आपन घरचे लोकं.”

“तो लांगरी कोण होता?”

“बिसाहू! तो त इथंच हाय, तात्यापाऱ्यात. आमचे हे गेले तवा आलता मातीले.” त्या उठल्याच. चपला घालता घालता म्हणाल्या, “आन् लॉजवर काहून राहून राहिली तू? सामान घेऊन ये आज. लोकं काय म्हंतीन मले.”

तात्यापारा हा जुन्या रायपूरचा भाग. अरुंद रस्ते, खाली दुकानं, वर जुनी घरं. ई-रिक्षात अंजनाबाईंनी माझा दंड धरून ठेवला होता. बिसाहू काकांच्या मुलाची तिथं छोटी खानावळ आहे. काका मागच्या खोलीत भाजी निवडत होते. मूळचे छत्तीसगढी, पण पंधरा वर्षं विदर्भातल्या पोरांना जेवू घातलं, त्यात मराठी शिकले.

“हव, येते ना मले मराठी,” ते म्हणाले. “आधी गाल्या शिकलो, मंग बाकीचं.”

निवडत होते ती तिवऱ्याची भाजी होती. मी म्हटलं, आमच्याकडे ह्या कोवळ्या पाल्याला लाखोरी म्हणतात. “हव हव, अडतीस बी तेच म्हने!” त्यांनी जुडी खाली ठेवली. “त्याची पोट्टी का तू? हलव्यावाली?”

त्यांना विचारावं लागलंच नाही. त्यांनी बोटांवर नावं मोजली, जशी ताटं मोजतात तशी. कोण किती पोळ्या खायचा, कोणाला मिरची चालत नव्हती, कोण पहाऱ्यावरून आल्यावर आधी चहा मागे. अडतीसला भात लागे, एकाहत्तरला भाकर, आणि दोघांचं नाव एक म्हणून ते थाळ्या अंकांवरूनच वाढत. “चौदा थाल्या. पाच महिने, दोन टायम. माह्याकून गिनतीत चूक होत नाही. एक रोटी कमी झाली त भांडन होते तिथं.”

“चौदा, आणि तुम्ही पंधरावे,” मी म्हटलं.

“मी?” ते हसले. “मी त लांगरी, बेटी.”

यादीत त्यांचं नाव नव्हतं. माझ्याही हे तेव्हाच ध्यानात आलं. मीही गेले महिनाभर चौदाच म्हणत होते.

शनिवार: दगडाच्या कारखान्यात

दगडाचं काम स्टेशनपलीकडच्या एका कारखान्यात चालू होतं. आम्ही तिघं पोचलो तेव्हा सुभेदार साहेब आधीच तिथं खुर्ची टाकून बसले होते. काळा दगड आडवा ठेवलेला, त्यावर पांढऱ्या पेन्सिलीनं तेरा नावं आखलेली, आणि तळाशी दोन ओळी: एक मुख्य पाहुण्यांची, एक सचिवांची. तीन नावं कोरून झाली होती. रामटेके आठव्या ओळीवर होते.

“साहेब, त्या हिवाळ्यात ठाण्यावर हजर असलेला माणूस आणला आहे,” मी म्हटलं.

सुभेदारांनी बिसाहू काकांकडे पाहिलं. ओळखत होतेच. दर वर्षीच्या मेळाव्याला काकाच स्वयंपाक करतात.

“बिसाहू? ये तो लांगरी है. हेडक्वार्टर कंपनीचा माणूस, तुकडीला जोडून दिलेला. यादीत नाही हा.”

“नियम मी पाठ केलाय, साहेब.” मी बातमीपत्र काढलं. वर्गात वाचते तसं वाचलं. “‘त्या हिवाळ्यात त्या ठाण्यावर हजर असलेल्या माणसानं समोर येऊन सांगितलं पाहिजे.’ यात यादीतला माणूस असं कुठं लिहिलेलं नाही.”

“नियम मीच लिहिलाय.”

“चांगला लिहिलाय, साहेब. शब्द अगदी नेमके आहेत.”

कोरणारा कारागीर छन्नी थांबवून आमच्याकडे बघत होता. सुभेदारांचे कान लाल झाले. रागावले होते, पण रागानं बोलणारा तो माणूस नव्हे. “ठीक. पण हा तिथं हजर होता, ह्याला साक्षीदार कोण? मी उद्या कुणाचंही नाव घालत बसू का? एकदा गडबड केली आहे मी. पुन्हा नाही करणार.”

 अंजनाबाई माझ्याकडे बघत होत्या. तेवढ्यात बिसाहू काका, जे आतापर्यंत मागे उभे होते, टोपी काढून पुढं आले.

“साहब, एक बात पूछूँ? आप बदली पार्टी में ऊपर आए थे ना?”

“हाँ. तो?”

“ऊपर पहुँच के सबसे पहले आपको चाय किसने पिलाई थी?”

सुभेदार खुर्चीत पुढं सरकले.

“आपका हाथ बंद नहीं हो रहा था, मग पकड़ नहीं पाए। मैंने पकड़ के पिलाई थी। आधी आपकी दाढ़ी में गिरी। दाढ़ी भी क्या, चार बाल थे.”

 सुभेदारांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं मिटली, उघडली. मग त्यांनी एक शिवी हासडली, जी मी इथं लिहीत नाही. “वो तू था? इतक्या वर्षांत बोलला का नाहीस रे?”

“आपने पूछा कब, साहब?”

“दर वर्षी माझ्या हातात चहा देतोस!”

“हव. अब आप पकड़ लेते हो ना.”

अंजनाबाई फस्सकन हसल्या. सुभेदार हसले नाहीत. ते उठून दगडाजवळ गेले, आखलेली नावं बोट फिरवत मोजली, आणि काकांना म्हणाले, “सांग. एकेक नाव सांग, अंकासकट.” काकांनी चौदा नावं सांगितली. सुभेदारांनी कागदावर लिहिली, पंधरावं आपणहून काकांचं लिहिलं, आणि खाली काकांचा अंगठा नव्हे, सही घेतली. सही काकांनी सावकाश, जीभ दातात धरून केली.

आता दोन नावांची जागा हवी होती, आणि दगडात एकही ओळ शिल्लक नव्हती. कारागीर म्हणाला, “साहब, अक्षर छोटा करूँ तो तीन नाम बन चुके हैं, मेल नहीं खाएगा.”

सुभेदारांनी खिशातून रुमाल काढला, थुंकी लावली आणि तळाच्या दोन ओळी पुसल्या. आधी स्वतःची, मग मुख्य पाहुण्यांची.

“साहेब, पाहुणे?” मी म्हटलं.

“सांगेन, दगडात जागा नव्हती. खोटं आहे का?”

“और साहब, लगवाया किसने, वो कहाँ लिखूँ?” कारागीर म्हणाला.

“मत लिख.”

मग वर कोण आणि खाली कोण, यावर आमचं थोडं चाललं. एक रामटेके आठव्या ओळीवर येणार होते, दुसरे तळाशी. अंजनाबाई म्हणाल्या, वरचं तुह्या बाबाचं. मी म्हटलं, नाही मावशी, वर एकाहत्तर. दोन-तीनदा असं झाल्यावर बिसाहू काका वैतागले. “अवं, नव्वी ओळ खाली सरकवा ना! दोघं सोबतच जेवत होते.” कारागिरानं आखणी पुसून आठवी आणि नववी ओळ दोघांना मिळेल अशी पुढची नावं खाली सरकवली. गिनतीप्रमाणे अडतीस आधी, एकाहत्तर नंतर. आणि अंकही कोरायचे ठरले. या वेळी सुभेदारांनीच सांगितलं.

दुपारी अंजनाबाईंच्या सुनेनं वाढलं ते जेवण मी विसरणार नाही: भात, लाखोरीची भाजी, आणि चीला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं तव्यावरचं धिरडं. ती पहिल्यांदाच माझ्याशी दोन वाक्यं मराठीत बोलली. मग लाजून म्हणाली, “मुझे समझता सब है, दीदी.”

रविवार: अंगण

पलटणीच्या स्थापना दिवसाला चाळीसेक माणसं जमली होती. कोट, पदकं, काठ्या, चाकाच्या दोन खुर्च्या. आमच्याकडे गावच्या कार्यक्रमात भाषणं आधी आणि जेवण उशिरा. इथं उलट आधी सगळ्यांना चहा-नाश्ता, कारण म्हाताऱ्या सैनिकांना रिकाम्या पोटी उभं करायचं नाही, असा सुभेदारांचा हुकूम. नाश्ता अर्थात बिसाहू काकांचा.

मुख्य पाहुण्यांनी कापड ओढलं. दगडावर आपलं नाव शोधताना त्यांचे डोळे खालपर्यंत गेले, पण ते समजूतदार निघाले, काही म्हणाले नाहीत. मग सुभेदार डोंगरे दगडाशेजारी उभे राहिले आणि हजेरी घेऊ लागले. ज्याचं नाव येईल, त्याच्या घरच्यांनी ‘हाजिर’ म्हणायचं. ज्यांचं कोणी आलं नव्हतं, त्यांच्यासाठी सगळं अंगण म्हणे.

आठवं नाव आलं. “सुखदेव रामटेके, अडतीस.”

फळ्यासमोर रोज ओरडणारा माझा आवाज ऐन वेळी निघाला तो एवढासा. “हाजिर,” मी म्हटलं. सुभेदार थांबले. त्यांनी कागदावरून मान वर केली आणि शिस्तीतल्या आवाजात तेच नाव पुन्हा घेतलं. दुसऱ्यांदा मी तुमसरपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं.

“सुखदेव रामटेके, एकाहत्तर.”

“हाजिर हाय!” अंजनाबाई म्हणाल्या.

पुढची नावं झाली. शेवटी सुभेदारांनी पंधरावं नाव घेतलं.  अंगणातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी मागे वळून पाहिलं. बिसाहू काका मागच्या पत्र्याखाली पातेल्याशी होते, पाठमोरे. आपली हजेरी होईल हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

सुभेदारांनी नाव पुन्हा घेतलं, कवायतीच्या मैदानावर घेतात तसं.

काका वळले. हातातला झारा खाली ठेवायला जागा दिसेना, तो तसाच धरून ते माणसांमधून पुढं आले. वाटेत लोक बाजूला होत गेले. दगडासमोर आल्यावर त्यांनी टाचा जुळवल्या.

“हाजिर, साहब.”

पंधरा नावांत आपली हजेरी स्वतः देणारे त्या अंगणात ते एकटेच होते.